मराठीचा पेपर आणि अर्धवट राहिलेली रॅमडिस्क

मी लोणावळ्यातल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. शिकवते, दुरुस्त करते, धूळ पुसते आणि पावसाळ्यात लॅबच्या खिडक्यांना प्लास्टिकही मीच लावते. आमची यंत्रं जुनी. काही कंपन्यांनी टाकून दिलेली, काही माजी विद्यार्थ्यांनी आणून दिलेली. त्यांना जड प्रणाली झेपत नाही, म्हणून सगळ्यांवर हलकं, मोफत लिनक्स. ते मला कुणी शिकवलं नाही. अडत गेले तशी शिकत गेले. अशा शिकण्यात एक खोट राहते. ज्या गोष्टीनं आपल्याला कधी अडवलं नाही, ती आपल्याला येते असंच आपण धरून चालतो.

आठवीत आमच्याकडे कुरवंड्याहून एक मुलगी आली. पाच वर्षांची असताना तापात तिची नजर गेली होती. वडील भातशेती करायचे आणि उरलेले महिने एका बंगल्याच्या बागेत कामाला जायचे. रोज सकाळी ते तिला मोटारसायकलवर मागं बसवून शाळेच्या फाटकापाशी सोडत. तिथून पुढं ती हात धरू द्यायची नाही.

पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम मी तिला एका जुन्या लॅपटॉपवर बसवून दिला. दाबलेली प्रत्येक कळ तो बोलून सांगतो, लिहिलेली ओळ परत वाचतो. तो लॅपटॉप सुरू झाला की मराठीत ‘नमस्कार’ म्हणायचा, ती गंमत माझी. दोन महिन्यांत तिची बोटं माझ्यापेक्षा वेगानं मराठी टाइप करू लागली. लोक म्हणतात मी तिला शिकवलं. मी फक्त कळफलक दाखवला आणि बाजूला झाले.

नववीच्या वार्षिक परीक्षेला मात्र तिला लेखनिक दिला होता. ती सांगणार, दुसरी एक मुलगी लिहिणार. निबंधाचा विषय होता पहाट. हिनं सांगितलं, ‘आमच्या घरात पहाट होते ती आजोबांच्या खोकल्यानं.’ पेपर परत आले तेव्हा मी तिला तिचा निबंध वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, ‘पहाटे पक्ष्यांची मधुर किलबिल ऐकू येते.’ शेजारी लाल पेनात ‘छान’ असा शेरा होता.

तिनं ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, “बाई, हे माझं वाक्य न्हाई.”

“चांगल्या हेतूनं बदललं असेल तिनं.”

“मार्क तिला द्या मग. दहावीला मी लेखनिक घेणार न्हाई. माझं मीच लिहिणार.”

त्यासाठी बोर्डाची परवानगी काढायला सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत अर्ज, दाखले, पुन्हा अर्ज असं चाललं होतं. परवानगी आली. अटी साध्या होत्या: लॅपटॉपला इंटरनेट नको, लिहिणं आणि वाचून दाखवणं सोडून त्यात दुसरं काही नको, आणि पेपरच्या दिवशी केंद्रावर तपासणी. प्रश्नपत्रिका केंद्रातली एक शिक्षिका वाचून दाखवणार होती.

पहिल्या पेपरला चार दिवस राहिले असताना तिनं तक्रार केली, की तासभर लिहिलं की लॅपटॉपचा आवाज अडखळतो. अर्धा शब्द बोलून थांबतो. मी शोधलं तेव्हा कळलं, की त्या यंत्राच्या आवाजाच्या चिपची ही अडचण नव्या कर्नेलमध्ये दूर केली आहे. कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा. यंत्राच्या सगळ्या भागांशी तोच बोलतो.

कर्नेल बसवताना त्याच्यासोबत आणखी एक गोष्ट तयार करावी लागते. यंत्र सुरू होताना आधी कर्नेल जागं होतं. त्याला डिस्क उघडायची असते, पण डिस्क उघडण्याची साधनं त्या डिस्कवरच असतात. कुलूप बाहेर आणि किल्ली आत, तसं. म्हणून तेवढी साधनं एका लहान गाठोड्यात बांधून कर्नेलच्या हाताशी ठेवतात. त्या गाठोड्याला रॅमडिस्क म्हणतात. बहुतेक वेळा ते आपोआप बांधलं जातं, आपण फक्त ओळी सरकताना बघतो. मीही इतकी वर्षं तेवढंच करत आले होते.

त्या दुपारी ती लॅपटॉपवर पत्रलेखनाचा सराव करत होती. तिला थांबवायला नको म्हणून मी माझ्या टेबलावरूनच, लॅबच्या नेटवर्कवरून, तिच्या लॅपटॉपमध्ये शिरले आणि नवं कर्नेल बसवायला घेतलं. रॅमडिस्क बनवण्याच्या टप्प्यावर चूक आली: जागा शिल्लक नाही. सुरू होण्यापुरत्या फाइली ठेवायला त्या डिस्कवर एक वेगळा छोटा भाग होता, तो भरला होता. मी जुनं कर्नेल काढून टाकलं. जागा झाली. काम पुढं सरकलं आणि शेवटची ओळ उमटली, ‘जनरेटिंग’. म्हणजे बनवत आहे.

तेवढ्यात शिपाई दारात आला. “बाई, साहेबांनी बोलावलंय. हॉल तिकिटाचं कायतरी हाय.”

हॉल तिकीट तिचंच होतं, त्यावर जन्मतारीख चुकली होती. मी घाईनं उठले आणि उठता उठता पडद्यावरची ती खिडकी बंद केली. खिडकी बंद झाली की आत चाललेलं कामही मरतं हे मला ठाऊक आहे. विचारलं असतं तर मी त्या क्षणीही बरोबर उत्तर दिलं असतं. पण मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

तासाभरानं परत आले तेव्हा ती घरी गेली होती. मी वहीत लिहिलं: ‘नवं कर्नेल, झालं.’

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, “आवाज अडकतो का गं अजून?”

“न्हाई बाई. काल रात्रीपासून एकदाबी न्हाई.”

मला बरं वाटलं. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय नवं कर्नेल कामाला लागत नाही, आणि ती रात्री लॅपटॉप बंद करत असणार असं मी गृहीत धरलं. ती फक्त झाकण मिटायची. सुरू व्हायला तीन मिनिटं लागतात, कोण बंद करणार? म्हणजे ते चार दिवस जुनंच कर्नेल चालू होतं, डिस्कवरून पुसलेलं असूनही यंत्राच्या मेमरीत तग धरून. आवाज त्या दिवसांत का अडखळला नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

पेपरच्या दिवशी आम्ही साडेनऊलाच केंद्रावर पोचलो. केंद्र गावातल्याच दुसऱ्या एका शाळेत होतं. तळमजल्यावरची एक छोटी खोली तिच्यासाठी ठेवली होती. वडील बाहेर व्हरांड्यात उभे राहिले. केंद्रसंचालक बाई आल्या. पन्नाशीच्या, गळ्यात चष्म्याची साखळी, आवाज मोजका.

“लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि माझ्यासमोर पुन्हा सुरू करा. सुरुवातीपासून काय काय उघडतं ते मला बघायचंय,” त्या म्हणाल्या.

मी बंद केला. पुन्हा कळ दाबली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि मध्येच थांबल्या. शेवटच्या ओळींचा अर्थ एवढाच होता, की कर्नेलला डिस्क सापडत नाही आणि त्यानं हात टेकले आहेत.

मुलगी बाकावर ताठ बसून ऐकत होती. तीन मिनिटं होण्याआधीच ती म्हणाली, “बाई, ह्यानं अजून नमस्कार केला न्हाई.”

“होईल. काळजी करू नकोस.”

मी पुन्हा बंद करून सुरू केला. सुरुवातीला जी यादी येते तिच्यात जुन्या कर्नेलचा पर्याय असतो, नवं बिघडलं तर जुन्यावर जाता यावं म्हणून. यादीत एकच नाव होतं. जुनं मीच काढून टाकलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर ती ‘जनरेटिंग’ची ओळ आली, तिच्यापुढं काहीही नसलेली. मग शिपाई दारात आणि खिडकी बंद करणारं माझं बोट. मला सगळं कळलं.

घड्याळात नऊ बावन्न झाले होते. पेपर अकराला.

“मला आमच्या शाळेतून एक पेन ड्राइव्ह आणावा लागेल. त्यावरून हे यंत्र तात्पुरतं सुरू करून दुरुस्त करता येतं,” मी म्हणाले.

“साडेदहाच्या आत या. मुलगी इथंच थांबेल,” केंद्रसंचालक म्हणाल्या.

तिच्या खांद्यावर हात ठेवून मी दुसऱ्यांदा म्हणाले, “काळजी करू नकोस.”

तिच्या वडिलांनी मला मोटारसायकलवर मागं घेतलं. बाजाराच्या रस्त्यावर एक टेम्पो आडवा लावून माल उतरवत होते आणि त्याच्या मागं पर्यटकांच्या गाड्या हॉर्न वाजवत खोळंबल्या होत्या. वडिलांनी गाडी सरळ फुटपाथवर चढवली. दुकानदार ओरडला. ते थांबले नाहीत.

“बाई,” वाऱ्यात त्यांनी मान वळवली, “ह्ये आदी कळलं न्हवतं का?”

मी ऐकूच आलं नाही असं दाखवलं. ते मला अजून बोचतं.

शाळेतल्या माझ्या खणात पाच पेन ड्राइव्ह होते, एकावरही नाव नव्हतं. मी पाचही पर्समध्ये टाकले. परत येताना टेम्पो हलला होता. आम्ही दहा वीसला पोचलो. व्हरांडा मुलांनी भरला होता, कुणी शेवटचं पान वाचत होतं, कुणी देवाचा अंगारा लावत होतं.

केंद्रसंचालक बाईंनी माझ्या तळहातावरचे पेन ड्राइव्ह पाहिले आणि मान हलवली. “हे मी लावू देऊ शकत नाही. परीक्षेच्या यंत्राला बाहेरून आणलेली वस्तू? उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू? यात उत्तरं नाहीत कशावरून?”

त्यांचं चुकीचं नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मी म्हणाले, “एका शिक्षकांना माझ्या शेजारी बसवा. मी जे टाइप करीन ते आधी मोठ्यानं सांगीन. काम झालं की पेन ड्राइव्ह तुमच्या ताब्यात घ्या.”

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग टेबलावरचा कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. “अर्ज लिहून द्या. काय बिघडलं, कशामुळं बिघडलं, काय करणार. सही करा.”

‘तांत्रिक बिघाडामुळे’ असे दोन शब्द पुरले असते. कुणी पुढं विचारलं नसतं. मुलगी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. मी लिहिलं, ‘चार दिवसांपूर्वी मी या लॅपटॉपवर केलेले काम माझ्या चुकीमुळे अपुरे राहिले व नंतर ते मी तपासले नाही.’

केंद्रसंचालक बाईंनी अर्ज मोठ्यानं वाचला. “‘माझ्या चुकीमुळे’ असंच ठेवायचं?”

“हो.”

मुलीनं चेहरा माझ्याकडं वळवला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. कुणीतरी आपल्याशी बोलताना मध्येच भाषा बदलावी, तसं काहीतरी होतं.

मला व्हरांड्याच्या टोकाला एक बाक दिलं आणि शेजारी एक तरुण शिक्षक वही घेऊन बसले. पहिला पेन ड्राइव्ह: लग्नाचे फोटो. दुसरा रिकामा. तिसऱ्यावर लॅपटॉप सुरू झाला. मी लॅपटॉपची स्वतःची डिस्क उघडली, तिच्यात शिरले आणि रॅमडिस्क बनवण्याची आज्ञा दिली. प्रत्येक गोष्ट बोलून दाखवत होते आणि शिक्षक लिहून घेत होते. ‘जनरेटिंग.’ या वेळी मी हात मांडीखाली दाबून धरले. जुनं यंत्र, चार मिनिटं घेतली त्यानं. मग काम संपल्याची खूण आली. कसलीही चूक नाही.

“झालं?” शिक्षकांनी विचारलं.

“झालं.”

मी पेन ड्राइव्ह काढून लॅपटॉप उचलला आणि खोलीत नेला. दहा शेहेचाळीस. त्यांच्यासमोर कळ दाबली. पांढऱ्या ओळी वर सरकल्या, आणि त्याच जागी, अगदी त्याच ओळीवर, थांबल्या.

वर्गांकडं प्रश्नपत्रिकांची पाकिटं नेणाऱ्या पर्यवेक्षकांची पावलं वाजत होती.

“काळजी करू नकोस,” मी तिसऱ्यांदा म्हणाले.

केंद्रसंचालक बाई शांतपणे म्हणाल्या, “मी लेखनिक तयार ठेवलाय. पलीकडच्या खोलीत बसलाय. आता बोलावते.”

“लेखनिक नको,” मुलगी म्हणाली.

“बाळ, मग काय कोरा पेपर देणार?”

“प्रश्नपत्रिका वाचून दाखवायला म्याडम हायेत ना? त्यांनी वाचावं. मी ऐकते, मनात जुळवते. त्याला तसाबी वेळ लागतो.” तिनं बोटांवर मोजलं. “सव्वाअकरापर्यंत न्हाई झालं तर बोलवा त्याला. मग मी काय म्हणणार न्हाई.”

केंद्रसंचालक बाईंनी घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं. “सव्वाअकरा. एक मिनिट वर नाही.”

मी पुन्हा बाकावर. अकराची घंटा वाजली. सगळी शाळा एकदम गप्प झाली, इतकी की पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. बंद दाराआडून प्रश्नपत्रिका वाचणाऱ्या बाईंचा आवाज येत होता, उतारा, मग प्रश्न, मग पुन्हा उतारा. मी पडद्याकडं पाहत होते आणि डोक्यात काहीच येत नव्हतं. रॅमडिस्क बनली होती. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग गेली कुठं?

शेजारचे शिक्षक संकोचत म्हणाले, “मॅडम, तुम्ही मघाशी म्हणालात की डिस्क उघडली. मी तसं लिहिलंय. ती एकच आहे का?”

त्यांना त्यातलं काही येत नव्हतं. त्यांनी फक्त वहीत लिहिलेलं वाचून विचारलं. आणि मला आठवलं: सुरू होण्यापुरत्या फाइलींचा तो वेगळा छोटा भाग. चार दिवसांपूर्वी ज्याच्यात जागा नव्हती तोच. मी मोठा भाग उघडला होता, छोटा उघडलाच नव्हता. रॅमडिस्क बनली होती खरी, पण भलत्याच ठिकाणी जाऊन पडली होती. यंत्र सुरू होताना तिकडं बघतच नाही.

मी तिसरा पेन ड्राइव्ह पुन्हा लावला. मोठा भाग उघडला, त्यात छोटा भाग त्याच्या जागी जोडला, आणि तो खरंच जोडला गेलाय का ते दोनदा पाहिलं. बोटं चुकत होती. एक आज्ञा मी तीनदा खोडून लिहिली. अकरा चारला रॅमडिस्क पुन्हा बनायला लागली. शिक्षकांनी लिहायचं थांबवलं होतं. त्यांचंही लक्ष पडद्यावर होतं. फाटकाबाहेर मोटारसायकलीला टेकून तिचे वडील उभे दिसत होते. मधूनच ते दोन पावलं पुढं यायचे, फाटकावरच्या पोलिसाकडं बघायचे आणि मागं जायचे.

अकरा आठ. काम संपलं. फाइल आहे का ते पाहिलं. आहे. किती मोठी ते पाहिलं. सुरुवातीची यादी नव्यानं लिहायला सांगितली, त्यात कर्नेलच्या नावापुढं रॅमडिस्कचं नाव आलं का ते वाचलं. आलं होतं. मी ते मोठ्यानं म्हटलं आणि शिक्षकांनी वहीत टिपलं.

अकरा नऊला कळ दाबली. ओळी सरकल्या. मघाच्या जागेवरून पुढं गेल्या. पडदा काळा झाला, निळा झाला, आणि लॅपटॉप बारीक आवाजात म्हणाला, “नमस्कार.”

शिक्षक उठून उभे राहिले. मी लॅपटॉप दोन्ही हातांत धरून जवळजवळ धावले. केंद्रसंचालक बाईंनी स्वतः दार उघडलं, त्याच्यात काय आहे ते दोन मिनिटं तपासलं, इंटरनेट बंद आहे ते पाहिलं आणि तिच्यासमोर ठेवला. तिनं हेडफोन चढवला. बोटं कळफलकावर फिरली, डावी-उजवी जागा धरली, आणि टकटक सुरू झाली. तिनं मान वर केली नाही. दार लागलं. अकरा चौदा झाले होते.

पुढचे चार तास मी फाटकाबाहेर एका कठड्यावर तिच्या वडिलांशेजारी बसले. त्यांनी घरून भाकरी बांधून आणली होती, ती तशीच राहिली. तासाभरानं मी म्हणाले, “भाऊ, मगाशी तुम्ही विचारलंत ना, आधी कळलं नव्हतं का. कळायला हवं होतं. काम मी केलं होतं, ते अर्धवट राहिलं, आणि मी बघितलं नाही.”

त्यांनी भाकरीच्या फडक्याची गाठ घट्ट केली. “आमाला त्यातलं काय कळत न्हाई, बाई. तुमी म्हनला झालं, आमी म्हनलं झालं.” मग काही वेळानं, “आमच्या हातनं चूक झाली तर एक साल भात जातंय. दुसऱ्या सालाला येतंय. हिचं तसं न्हाई.”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांनी मग पाण्याची बाटली माझ्यापुढं केली. ती माफी होती की नुसतंच पाणी, ते मी ठरवायला गेले नाही.

तिला मंजूर झालेला जादा तास संपून सव्वातीनला ती बाहेर आली. केंद्राच्या प्रिंटरवर तिचा पेपर छापून, तिची सही घेऊन, पाकिटात बंद झाला होता. वडिलांचा हात तिनं स्वतः शोधून धरला. मी पुढं झाले.

“कसा गेला?”

“शेवटचा एक प्रश्न राहिला. निबंध आदी लिहून काढला, म्हणून तो पुरा झाला.”

“मला माफ कर.”

“अर्जात ऐकलं की मी.” तिनं वडिलांचा हात सोडला. “बाई, तुमी तीनदा म्हणालात काळजी करू नको. तिन्ही वेळा तुमचा आवाज खोटा होता. पहिल्या वेळीच कळलं मला. मग मी तिथं एकटी बसून काय काय धरायचं? किती बिघडलंय, किती वेळ हाय, काहीच म्हाईत न्हाई. खरं सांगितलं असतंत तर भ्याले असते. पण भ्यायलाबी काहीतरी धरायला लागतं.”

तिचे वडील म्हणाले, “आगं, बाईंशी आसं बोलत्यात व्हय?”

“बोलू दे,” मी म्हणाले.

पुढच्या पेपरच्या आदल्या दिवशी ती लॅबमध्ये आली आणि आम्ही तो लॅपटॉप बंद करून सुरू केला. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. सात-आठ वेळा तरी. मी तिला सगळं सांगितलं: काय बिघडू शकतं, बिघडलं तर किती मिनिटं लागतील, कुठवर थांबायचं आणि कधी लेखनिक मागायचा. तो पेन ड्राइव्ह मी नाव लिहून केंद्रसंचालक बाईंकडं आधीच जमा केला. त्यांनी पावती दिली.

इंग्रजीच्या पेपरला आवाज दोनदा अडखळला. म्हणजे ज्या दुखण्यासाठी मी कर्नेल बदललं, ते पुरतं गेलंच नव्हतं. तिनं हेडफोनची पिन काढून पुन्हा लावली आणि लिहीत राहिली. हे तिनं मला संध्याकाळी सहज सांगितलं, घरी पाहुणे येऊन गेले असं सांगावं तसं.

आमच्या मुख्याध्यापकांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “निभावलं ना? मग कशाला वाढवता?” मी म्हणाले, अर्ज केंद्राच्या फाइलीत गेलाय. पुढं कुणीच काही विचारलं नाही. कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं असं मला कधी कधी वाटतं.

ती पास झाली, चांगली पास झाली. मराठीत तिला तिच्या अपेक्षेपेक्षा कमी मार्क पडले. राहिलेल्या प्रश्नामुळं की त्या चौदा मिनिटांमुळं की तपासणाऱ्याला तिची वाक्यं रुचली नाहीत म्हणून, हे कळायचा मार्ग नव्हता. तिनं पेपरची फेरतपासणी मागितली नाही. मी विचारलं तर म्हणाली, “जे लिहिलं ते माझंच हाय ना? मग राहू द्या.”

आता ती तळेगावला कॉलेजात आहे, नातेवाइकांकडं राहते. जुलैत तिचा फोन आला. कॉलेजच्या ग्रंथालयातले कॉम्प्युटर बोलत नाहीत, दोन आठवडे झाले, ग्रंथपाल ‘माणूस येणार आहे’ एवढंच सांगतात.

“मी शनिवारी येऊन बसवून देऊ का?” मी विचारलं.

“न्हाई, तुमी येऊ नका. मी त्यांच्याकडनं परवानगी काढली हाय. उद्या मीच बसवणार.” पलीकडं बस थांब्यावरचा गोंगाट होता. “फक्त एवढं सांगा, बाई. हितल्या डिस्कचे भाग किती, ते कसं बघायचं?”

मी सांगितलं. तिनं ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, मग स्वतः एकदा म्हणून दाखवलं, आणि बस आली म्हणून फोन ठेवला.